आजीची गोष्ट रेकॉर्ड करायची असेल, तर पहिल्या भेटीत फोन खिशातच ठेवा

गावोगावची पोरं हल्ली आपल्या आजी-आबाजींच्या आठवणी फोनवर रेकॉर्ड करतात आणि मला ऐकायला पाठवतात. ऐकताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा सापडतात. सुरुवातीलाच प्रश्न येतो, "तुमच्या जीवनाविषयी थोडक्यात सांगा." आजी म्हणते, "काय सांगू बापा, कष्टातच गेली जिनगी." मागे कूलर घरघरत असतो, मध्येच कोणाचा तरी फोन वाजतो, आणि वीस मिनिटांत सगळं आटोपतं. पोराला वाटतं, आजीजवळ सांगण्यासारखं काही नव्हतंच.

आजीजवळ भरपूर असतं. मुलाखत बहुतेक वेळा बिघडते ती रेकॉर्डिंगच्या आधीच्या आठवड्यात किंवा त्यानंतरच्या रात्री. म्हणून या लेखात त्या दोन्हींना जास्त जागा दिली आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा.

१. कोणाकडे जायचं ते ठरवा

"जुन्या गोष्टी कोणाला ठाऊक आहेत?" असं गावात विचारलं की लोक माजी सरपंच, पाटलाचा वाडा किंवा रिटायर झालेले मास्तर दाखवतात. त्यांच्याकडे जरूर जा, पण सुरुवात तिथून करू नका. त्यांची गोष्ट गावाने अनेकदा ऐकलेली असते.

यादी कामावरून करा. वीस-पंचवीस वर्षं सालदारी (वर्षाच्या करारावर शेतमजुरी) केलेला माणूस, बाळंतपणं करणारी दाई, जिनिंगमध्ये (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात) राबलेली बाई, मोहफुलं आणि तेंदूपत्ता गोळा करणारं कुटुंब, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरच्या शकुंतला गाडीवर काम केलेला गँगमन, दंडार या लोकनाट्यात बाईचं सोंग घेणारा कलावंत, बैलगाडीची चाकं बनवणारा वाढई. प्रत्येक नावापुढे वय आणि तब्येत लिहा आणि जायचा क्रम त्यावरून लावा. १४ ऑक्टोबर १९५६ ला बापाच्या खांद्यावर बसून नागपूरच्या धम्मदीक्षेला गेलेलं लेकरू आज सत्तरी ओलांडून बसलं आहे. जे त्या वेळी दहा-बारा वर्षांचे होते, ते ऐंशीच्या घरात आहेत. अशा माणसांना पुढच्या वर्षावर ढकलू नका.

तपासणी: यादीत निम्म्या बायका आहेत का? गावातली प्रत्येक वस्ती आली आहे का? नसेल तर आधी यादी पूर्ण करा.

२. पहिली भेट, रेकॉर्डर न काढता

बहुतेक जण ही पायरी गाळतात, आणि ती गाळल्याचं नुकसान पुढे कशानेही भरून निघत नाही.

विदर्भातल्या खेड्यांत कागद-पेन घेऊन येणाऱ्या माणसाची लोकांना सवय आहे. दुष्काळाचे सर्वे, पीकविम्याचे पंचनामे, शेतकरी आत्महत्येनंतर येणारे बातमीदार. त्यामुळे तुम्ही ओसरीवर टेकलात की पहिला प्रश्न येतो, "फारम भराले आले काय?" आणि त्यामागचा खरा प्रश्न असतो, "पैसे भेटतीन काय?" याचं उत्तर त्याच क्षणी, सरळ शब्दांत द्या. ही कोणतीही योजना नाही, यातून अनुदान मिळणार नाही, नाव कोणत्याही सरकारी यादीत जाणार नाही. हे एकदा सांगून भागत नाही. निघताना त्यांनाच विचारा, "आजी, मी कशाले आलो होतो, कोनी इचारलं तर काय सांगसान?" त्यांच्या उत्तरात घरकुल किंवा कर्जमाफी आली, तर अजून समजलेलं नाही. पुन्हा समजावून सांगा.

या भेटीत चार गोष्टी बघून ठेवा.

आजी-आबाजींना ऐकू कितपत येतं, कोणत्या कानाने येतं, आणि दिवसातल्या कोणत्या वेळी त्यांना हुरूप असतो.

बोली कोणती आहे. वऱ्हाडी असो, झाडीबोली असो, की घरात गोंडी, कोरकू, कोलामी किंवा बंजारा बोलली जात असो, मुलाखत त्याच भाषेत घ्या. तुम्हाला ती येत नसेल तर त्या समाजातला जाणता माणूस सोबत न्या, पण सांगणाऱ्याला मराठीत बोलायला लावू नका. परक्या भाषेत माणूस दुःखसुद्धा आटोपशीर सांगतो.

घरात कोण कोणाचं बोलणं तोडतं. "तिले काय समजते, मी सांगतो ना," असं म्हणणारा नवरा किंवा मुलगा असेल, तर त्यांची मुलाखत वेगळ्या दिवशी ठरवा. आजीच्या दिवशी तुमच्या जोडीदाराने त्यांना घेऊन शेताकडे चक्कर मारावी.

आणि चौथी गोष्ट म्हणजे तुम्ही कुठे बसता आणि पाणी पिता का. हे तुमच्याइतकंच समोरचं घरही बघत असतं. ज्या वस्तीत बाहेरच्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाणी नाकारलं, तिथे तांब्या पुढे आला की घ्या. तहान नसली तरी.

ध्यानात ठेवा: पहिल्या भेटीतच गोष्ट रंगायला लागली तर तिला हळूच थांबवा. "हे मले नीट ऐकायचं हाय, परवा येतो." एकदा ओघात सांगून झालेली गोष्ट दुसऱ्यांदा आटून येते.

३. वेळ आणि हंगाम

मिरगाच्या पेरणीत आणि कापूस वेचणीच्या भरात घरच्यांना तुमच्यासाठी सवड नसते. तरी निंदणाच्या दिवसांतली दुपार मला सोयीची वाटते. तरणी माणसं वावरात गेलेली असतात, घर शांत असतं आणि बाजेवरची म्हातारी मोकळी असते. घरच्यांना आदल्या दिवशी सांगितल्याशिवाय मात्र अशा वेळी जाऊ नका. मे महिन्यात सकाळी सात ते नऊ एवढाच वेळ धरा. त्यानंतर कूलर लागतो, आणि ४५ अंशांच्या उन्हात म्हाताऱ्या माणसाला कूलर बंद करायला सांगणं बरोबर नाही.

मजुरीवर जाणाऱ्या माणसाचा रोज बुडवून मुलाखत घेऊ नका. कामावरून आल्यावर किंवा बाजाराच्या सुटीच्या दिवशी जा.

४. संमती

संमती दोनदा घ्यायची असते. एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी. आपण काय-काय बोलून गेलो हे माणसाला शेवटीच कळतं, त्यामुळे खरी संमती दुसरी. लिहिता न येणाऱ्यांना कागद मोठ्याने वाचून दाखवा, अंगठा घ्या आणि तोंडी होकारही रेकॉर्ड करा. "परवानगी आहे का?" एवढं विचारून थांबू नका. पर्याय स्पष्ट मांडा: सगळ्यांनी ऐकलं तर चालेल का, फक्त घरच्यांनी, नाव बदलून, की तुमच्या माघारी?

सावधान: धुऱ्याचं (शेताच्या बांधाचं) भांडण, कोर्टातली केस, हयात माणसावरचा आरोप, कोणाच्या सुनेची गोष्ट. असा भाग आला की तो वेगळा नोंदवा आणि कोणालाही ऐकवू नका. सांगणारीने परवानगी दिली असेल, पण ज्याच्याबद्दल ती बोलली त्याने दिलेली नसते. आणि कोणी "हे बंद कर" म्हणालं तर त्यांच्या डोळ्यांदेखत बंद करा.

५. सालं जुळवणारी चिठ्ठी

"कोणत्या साली?" या प्रश्नाने चांगली मुलाखत अडखळते. जुन्या माणसांच्या जन्मतारखा बऱ्याचदा मास्तरांनी शाळेत घालताना लिहिलेल्या असतात, म्हणून अर्ध्या गावाचा जन्म १ जून किंवा १ जुलैचा निघतो. आधार कार्डावरच्या सालावरही विसंबू नका. शाळेचा दाखल-खारीज रजिस्टर आणि जुन्या कोतवाल बुकाची (गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदवहीची) नक्कल मिळाली तर बघून घ्या. मुलाखतीला जाताना खिशात एक चिठ्ठी ठेवा:

ऑगस्ट १९४२, चिमूर आणि आष्टीचा उठाव.
ऑक्टोबर १९५६, नागपूरची धम्मदीक्षा. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला विदर्भ मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला.
२० डिसेंबर १९५६, गाडगेबाबा गेले.
१ मे १९६०, महाराष्ट्र राज्य.
११ ऑक्टोबर १९६८, तुकडोजी महाराज गेले.
१९७२, दुष्काळ. रोजगाराची कामं, सुकडी, रेशनची लाल मिलो ज्वारी.
जून १९७५ ते मार्च १९७७, आणीबाणी.
३१ ऑक्टोबर १९८४, इंदिरा गांधींची हत्या.
३० जुलै १९९१, मोवाडचा (नागपूर जिल्हा) महापूर.

याखाली तुमच्या गावाच्या नोंदी जोडा: वीज कधी आली, पहिली एसटी, पहिली विहीर, पूल, धरणात गेलेली शेतं. मग प्रश्न असा विचारा: "तुमचं लगन झालं तवा लाल ज्वारी येत होती का?" त्याहून नेमकं उत्तर लेकरांच्या वयावरून मिळतं. "मोठी पोरगी तवा रांगत होती की चालत होती?" आई हे विसरत नाही.

सांगितलेलं साल चुकीचं वाटलं तर वहीत खूण करा. समोर वाद घालू नका.

६. यंत्र आणि जागा

साधा स्मार्टफोन पुरतो. सोबत कॉलर माइक असेल तर उत्तम. आवाजाच्या दर्जासाठी माइक जवळ असणं महागड्या फोनपेक्षा जास्त महत्त्वाचं आहे. माइक हनुवटीपासून वीतभर खाली लावा. बाईमाणसाला तो स्वतः लावू द्या, किंवा घरातल्या मुलीला लावायला सांगा. पदर त्यावर घासणार नाही हे पाहा.

ॲपमध्ये 'वेव्ह' (WAV, आवाज न दाबता साठवणारा) प्रकार निवडा. सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ रेकॉर्डिंग तासाला सुमारे ६३५ एमबी जागा घेतं, मोनो त्याच्या निम्मी. म्हणून फोनमध्ये किमान ४ ते ५ जीबी मोकळी ठेवा. लाइट कधीही जाते, पॉवरबँक सोबत असू द्या.

रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी फोन विमान मोडवर टाका. माझं स्वतःचं एक रेकॉर्डिंग अकराव्या मिनिटाला तुटलेलं आहे. जिनिंगमध्ये सरकी वाहिलेल्या एका बाईचं होतं. मध्ये फोन आला, मी तो कापला, आणि ॲप तिथेच बंद पडलं हे मला पावणेदोन तासांनी कळलं. पुन्हा येतो म्हणून सांगून आलो. दिवाळीनंतर गेलो तेव्हा तिची बाज अंगणात उभी करून ठेवलेली होती.

खोली निवडताना भरलेली खोली निवडा. रिकाम्या सिमेंटच्या खोलीत आवाज घुमतो. जिथे तुरीची पोती रचलेली आहेत, गोधड्यांची चळत आहे, दोरीवर लुगडी वाळताहेत, तिथे आवाज स्वच्छ येतो. पत्र्याखाली पावसात बसू नका. फोन टेबलावर ठेवायचा असेल तर खाली दुपट्याची घडी घाला. कोंबड्या ओरडल्या, लेकरू रडलं तर रडू द्या. ते त्या घराचेच आवाज आहेत.

तपासणी: एक मिनिट रेकॉर्ड करा आणि हेडफोन लावून ऐका. नुसती स्क्रीनवर रेघ हलताना बघून समाधान मानू नका.

७. मुलाखत

पहिलं वाक्य तुमचं असावं. तारीख, गाव, तालुका, जिल्हा, तुमचं नाव, समोर कोण आहे आणि खोलीत आणखी कोण बसलं आहे. मग त्यांचं पूर्ण नाव विचारा. बाईला माहेरचं गाव आणि माहेरचं नावही विचारा. लग्नात कित्येकींचं पहिलं नावसुद्धा बदललेलं असतं, आणि ते जुनं नाव पन्नास वर्षांत कोणी उच्चारलेलं नसतं. एका आजीने ते सांगितलं, थोडी थांबली आणि स्वतःशीच पुन्हा एकदा म्हणून पाहिलं.

आयुष्य कसं होतं, काळ कसा बदलला, असे मोठे प्रश्न सोडून द्या. त्यांना सुविचारासारखी उत्तरं येतात. प्रश्न लहान ठेवा आणि वस्तूला धरून विचारा.

"लहानपणीच्या घरात दारातून आत गेलं की डाव्या हाताला काय होतं?"
"सालदारीचं ठरायचं तेव्हा धान्य किती, पैसे किती, आणि चप्पल-जोडा कोण द्यायचं?"
"पहाटे उठल्यावर पहिलं काम कोणतं?"
"सीतादहीच्या (वेचणी सुरू करतानाच्या पूजेच्या) दिवशी वावरात काय-काय न्यायचे?"
"पोयाच्या (पोळ्याच्या) दिवशी तुमचे बैल तोरणात कितव्या नंबरला उभे राहायचे?"

शेवटचा प्रश्न साधा दिसतो, पण गावातला मान, जात, जमीन, भांडणं, सगळं त्याच्या उत्तरात येतं.

क्रम असा ठेवा: बालपणीचं घर, काम, लग्न, लेकरं, मग मोठी संकटं आणि मृत्यू. शेवट पुन्हा हलक्या विषयावर करा, एखाद्या जत्रेवर किंवा जात्यावरच्या ओवीवर. माणसाला दुःखाच्या मध्यावर सोडून उठू नका.

एक प्रश्न विचारला की गप्प बसा. उत्तर संपलं असं वाटल्यावर मनातल्या मनात दहा आकडे मोजा. शांततेनंतर जे येतं ते बहुधा पहिल्या उत्तराहून खरं असतं. त्या वेळी "हो, हो", "अरे बापरे" करत राहू नका, तुमचा आवाज त्यांच्या शब्दांवर चढतो. मान हलवा.

आता "असं" या शब्दाबद्दल. वेचणीचं सांगताना एक मावशी म्हणाल्या, "बोंड असं पकडाचं, असं वढाचं, अन् असं टाकाचं." समोर बसून मला सगळं दिसत होतं. डाव्या हाताने पऱ्हाटीची फांदी वाकवलेली, उजव्या हाताची तीन बोटं बोंडात, बोंडाच्या टोकदार सालपटाने नखाजवळ ओरखडे पडू नयेत म्हणून अंगठा आत दुमडलेला, आणि कापूस कमरेच्या ओटीत. घरी येऊन ऐकलं तर रेकॉर्डिंगमध्ये तीन वेळा फक्त "असं" होतं. तेव्हापासून हातांनी दाखवलेली प्रत्येक गोष्ट मी लगेच मोठ्याने बोलतो: "म्हणजे तीन बोटांनी, अंगठा आत घेऊन?" त्या म्हणतात "हाव", नाहीतर चूक सुधारतात. बोटाने दाखवलेली दिशा, लांबी, उंची, सगळं असंच शब्दांत आणा. "एवढा साप" म्हणाल्या तर विचारा, "हातभर का?"

सावधान: कर्जापायी घरातला माणूस गेलेल्या बाईला त्या दिवसाबद्दल तुम्ही होऊन विचारू नका. तिने हे पोलिसांना, तलाठ्याला आणि बातमीदारांना सांगून झालेलं असतं. त्याआधीची वीस वर्षं आणि त्यानंतरची वर्षं तिला कोणी विचारत नाही. ती विचारा. त्या दिवसाकडे ती स्वतः वळली तर ऐका. रडू आलं तर थांबा, पाणी द्या, रेकॉर्डिंग बंद करू का ते विचारा, आणि त्या दिवशी तिला एकटी सोडून निघू नका.

दीड तास झाला की थांबा. बाकीचं दुसऱ्या दिवशी.

८. त्याच रात्री

थकून घरी आलात तरी जेवणाआधी हे करा.

पहिलं, फाइल फोनमधून लॅपटॉपवर घ्या आणि सुरुवात, मधला भाग आणि शेवट ऐकून बघा. खाली सांगितलेल्या तिन्ही प्रती नीट झाल्याखेरीज ती फोनमधून काढू नका.

दुसरं, नाव द्या. 'रेकॉर्डिंग ४७' या नावाची फाइल दोन वर्षांनी तुम्हालाही ओळखू येत नाही. क्रम असा: साल, महिना, तारीख, गाव, व्यक्तीची खूण, भाग. नाव आणि आकडे इंग्रजी लिपीत लिहा, म्हणजे कोणत्याही यंत्रावर उघडता येईल. नाव लपवायचं ठरलं असेल तर फाइलच्या नावातही ते घालू नका. ही चूक फार जण करतात.

तिसरं, तीन प्रती करा. दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या घरी किंवा इंटरनेटवरच्या साठ्यात. एकाच कपाटातल्या दोन पेनड्राइव्ह म्हणजे एकच प्रत समजा. व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवलेली फाइल प्रत म्हणून धरू नका, फोन बदलला की ती जाऊ शकते.

चौथं, वहीत एक पान लिहा. कोण होतं, कुठे बसलो होतो, भिंतीवर कोणाची तसबीर होती, रेकॉर्डिंग बंद झाल्यावर दारात काय बोलणं झालं. दारातलं बोलणं फार मोलाचं असतं. ते लिहायला मात्र त्यांची परवानगी घ्या.

९. लिहून काढणं

आधी संपूर्ण मजकूर लिहायला बसू नका, माणूस कंटाळून काम सोडून देतो. एका तासाचं रेकॉर्डिंग शब्दशः लिहायला सहा-आठ तास सहज जातात. पहिल्यांदा सूची करा: दर पाच मिनिटांना एक ओळ, विषय आणि आलेली नावं. पुढे शोधायला तीच उपयोगी पडते.

शब्दशः लिहिताना बोली सुधारू नका. 'मले' म्हणाल्या असतील तर 'मले', 'काहून' तर 'काहून'. बोलून टाइप करणारं सॉफ्टवेअर सगळं प्रमाण मराठीकडे ओढतं, त्यामुळे ते वापरलंत तर प्रत्येक ओळ ऐकून दुरुस्त करा. न कळलेला शब्द अंदाजाने भरू नका. जागा मोकळी सोडा, मिनिट लिहा आणि पुढच्या भेटीत विचारा.

१०. परत नेऊन द्या

महिन्याभरात परत जा. आजीच्या घरात वाचणारं कोणी नसलं तर कागद देऊन येऊ नका. स्पीकरवर ऐकवा. ऐकताना त्या चुका सांगतील, विसरलेली नावं आठवतील, एखादा भाग काढून टाकायला सांगतील. सांगितलेला भाग काढा आणि काढल्याचं त्यांना दाखवा. त्या दिवशीही रेकॉर्डर सोबत ठेवा, कारण शेजारच्या दोन म्हाताऱ्या येऊन बसतात आणि "नाही वं, तसं नोतं झालं," असं म्हणत बोलायला लागतात. त्यांची नावं विचारा, संमती घ्या आणि माइक मध्ये ठेवा.

घरच्यांसाठी एक प्रत पेनड्राइव्हवर आणि एक नातवाच्या फोनमध्ये द्या. सर्वांनी ऐकायची परवानगी असेल तर एक प्रत गावच्या वाचनालयात किंवा जवळच्या कॉलेजच्या इतिहास विभागात, संमतीच्या कागदाच्या झेरॉक्ससह द्या, आणि कोणाच्या हाती दिली ते तारखेसह वहीत लिहा.